भिंतीपलीकडचा कट्टा

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणारा मी माणूस. मसणवट्याला लागून घरं बांधलीत, तिथंच जेवलोय, झोपलोय... काही झालं न्हाय. मी चौथी शिकलेला गवंडी. लिहिण्यात चुका असतील, पण खोटं लिहिणार न्हाय.

चौलच्या पुढं नारळीच्या वाडीत एक काम चालू होतं. मुंबईच्या लोकांनी मोबाईलवरून खोली धरायची, चार दिवस येऊन एकटं राहायचं, अशी जागा. आराखडा काढणारी मॅडम तरुण, पण कामाला पक्की. तिनं मला अंगणात चिऱ्याची भिंत सांगितली. माणसापेक्षा उंच, एक टोक घराला भिडलेलं, दुसरं कुंपणाला. दोन्ही बाजूंना बसायला कट्टा. मध्ये कानाच्या उंचीला तिरकी फट, म्हणजे आवाज जाईल पण पलीकडचं दिसणार न्हाय.

"दोघं बसणार आणि एकमेकाला बघणार न्हाईत?" मी विचारलं.

"हो, मिस्त्रीकाका. माणसाला एकटं बसता आलं पाहिजे. आणि बोलावंसं वाटलं, तर कुणीतरी जवळ पाहिजे."

"नवरा-बायकोचं भांडण झाल्यावर बरं हाय."

"तसंच समजा," ती हसली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अवो, भिंतीशी बोलायला लोकं पैसे देणार? मी इतकी वर्सं फुकट बोलतेय."

भिंत अर्धी झाली आणि बायको गेली. सकाळी भाकऱ्या करताना छातीत कळ आली. अलिबागला पोचेपर्यंत संपलं होतं.

तेरावं झालं आणि मी कामावर गेलो. घरात बसवत नव्हतं. भिंत पुरी केली. दुपारी बाकीचे काजूखाली जेवायचे, मी त्या कट्ट्यावर. कुणाचं तोंड बघायला नको वाटायचं.

एका दुपारी पलीकडं कुणी बसलं. बांगड्या वाजल्या. गुडघे धरून टेकल्यावर बाया सोडतात तसा श्वास... वाटलं, कामावरची कुणी असेल. मग फटीतून आलं —

"अवो, जेवलात का?"

हातातला घास हातातच राहिला. तो आवाज मी कसा चुकीन?

पलीकडं जायला घरातून वळसा. धावत गेलो. कुणी न्हाय. कट्ट्यावर सिमेंटची धूळ, तिच्यावर बोटभर पण खूण न्हाय. मी तिथं उभा, आणि जी बाजू सोडून आलो तिकडून आवाज — "कुठं गेलात?"

पळालो. तरी दुसऱ्या दिवशी गेलो... ज्यांचं माणूस गेलंय त्यांना विचारा, ते सांगतील का गेलो.

मग रोज दुपारी. ती विचारायची, मी सांगायचो. विहिरीला पाणी किती, शेजारीण काय म्हणते. एक गोष्ट मला तेव्हा खटकायला पायजे होती — ती स्वतःचं काही सांगत नव्हती. जिती असताना तिचं तोंड थांबायचं न्हाय. आणि फिरून फिरून एकच. "वैशू कधी येते? तिला हिकडं आणा."

वैशू आमची एकुलती एक, पेणला दिलेली. ती राहायला आली, तशी दुपारी माझा डबा घेऊन कामावर आली. भिंतीजवळ आली आणि थांबली. तोंड पांढरं पडलं.

"बाबा... आई बोलवते."

तिला पण ऐकू आलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आईचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नव्हतं पोरीला. ती घराच्या दाराकडं वळली, पलीकडं जायला. मी पण उठलो. तेवढ्यात फटीतून —

"दत्ताराम, तू थांब. पोरीला पाठव."

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय. माझ्या बायकोनं लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. रेशनच्या दुकानात विचारलं तरी शेजारणीला सांगायला लावायची. आणि ही नाव घेते, अरेतुरे करते... तिच्याच आवाजात.

मी वैशूचा दंड धरला. "सोडा बाबा, आई हाय!" पोरीत एवढं बळ कुठून आलं ठाऊक न्हाय. फरफटत रस्त्यावर आणली. मागून हाका चालूच. रागाच्या न्हाईत. मायेच्या. तेच जास्त वाईट.

ऊन होतं तोवर परत गेलो, फट सिमेंटच्या मालानं बुजवली. थापीनं दाबलं की ओला माल पलीकडून परत माझ्याकडं येत होता, कुणी तळहात लावावा तसा. मी दाबत राहिलो. मग थांबलं.

मॅडम चिडली. "काका, सगळी कल्पनाच मारलीत की." मी होतं ते सांगितलं. ती कट्ट्यावर बसली, पण पाठ टेकली न्हाय. फट उघडा, असं मात्र म्हणाली न्हाय.

वैशू म्हणते, "आईच होती. मेल्यावर कसलं नाव नि कसला मान, बाबा?" ती माझ्याशी धड बोलत न्हाय. मी म्हणतो, ती नव्हती. पण दुपारी ताट घेऊन एकटा बसतो तेव्हा हात थांबतो. नावानं पोरगी वाचली, का एका नावापायी मी बायकोला चिणली?

मला कळलेलं न्हाय. कुणाला ठाऊक असेल तर लिहा. फक्त ती फट उघडा, असं मला सांगू नका. सांगितलं तर मी जाईन.