टेलर मास्तर तलावात उतरतात

प्रौढांच्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर ज्या बाई बसतात, त्यांच्यामुळे माझी टेलर मास्तरांशी ओळख झाली. मास्तर हे त्यांचे पती. वर्ग सुटला की आम्ही दोघी त्यांच्या दुकानात बसून गृहपाठ करीत असू. तेथे जे पाहिले, आणि जे बाईंनी नंतर सांगितले, ते जसे घडले तसे येथे लिहिले आहे.

मास्तरांचे वय छप्पन्न. कात्री हातात धरून त्यांना छत्तीस वर्षे झाली होती. दुकान दहा बाय बाराचे. दाराशी कापण्याचे टेबल, मागे दोन मशिनी आणि कोपऱ्यात कोट चढवून पाहण्यासाठी एक बिनडोक्याचा लाकडी पुतळा. गिऱ्हाईक आले की मास्तर गळ्यातला टेप काढीत आणि म्हणत, "सरळ उभे राहा, समोर बघा, श्वास रोखू नका." हे वाक्य ते वकिलांना म्हणत, शाळकरी मुलांना म्हणत आणि एकदा कामाच्या गर्दीत त्या पुतळ्यालाही म्हणाले होते.

अशा या मास्तरांची मुलगी ट्रायथलॉनच्या नादी लागली. त्या स्पर्धेत आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे असते. हे तिघांनी वाटून घेतले तरी चालते. मुलीच्या संघात सायकल तिची, धावणे जावयाचे आणि पोहणे तिच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे ठरले होते. स्पर्धेला पाच आठवडे उरले असताना सहकाऱ्याचा खांदा निखळला. मुलीने वर्षभर पहाटे उठून सायकल चालवली होती आणि पुढच्या वर्षी तिची बदली दूरच्या गावी व्हायची होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"बाबा, तुम्ही रोज टँकमध्ये पोहता ना?" तिने दुकानात येऊन विचारले.

"गुडघ्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सातशे पन्नास मीटर जमेल?"

"तीस फेऱ्या. रोजच्याच आहेत."

"पण हे तलावात आहे."

"पाणी ते पाणी," मास्तर म्हणाले.

काज करीत बसलेल्या बाईंनी सुई थांबवली. "अहो, तुम्हाला बाजारातून घरी यायला रस्ता सापडत नाही."

स्पर्धेची अट कडक होती. पोहणाऱ्याने पस्तीस मिनिटांच्या आत बाहेर यायचे. उशीर झाला तर संघ बाद, आणि मुलीने सायकलला हातही लावायचा नाही.

सहकाऱ्याने आपला वेटसूट पाठवून दिला. हा अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख असतो. त्याने अंगात ऊब राहते आणि माणूस तरंगतो. मास्तरांनी तो घातला, आरशापुढे हात वर-खाली केले आणि निदान केले, "कापणाऱ्याला अक्कल नाही. काखेत सैल सोडलेलंच नाही."

मग त्यांनी कोणालाही न विचारता दोन्ही काखा उसवल्या, चार-चार बोटांच्या पट्ट्या जोडल्या आणि दुहेरी शिलाई मारली. काम अत्यंत सुबक झाले होते, याविषयी कोणाचे दुमत नाही. रविवारी मास्तर तो घालून तलावात उतरले. काखांतून पाणी आत शिरले आणि सुईच्या प्रत्येक भोकातून त्याच्या मदतीला आणखी पाणी आले. मास्तर बाहेर आले ते भरलेल्या पखालीसारखे. काठावर उभे राहिल्यावर त्यांच्या दोन्ही घोट्यांतून धारा लागल्या.

"बाबा! तो घट्टच असतो!"

"मला काय ठाऊक? माझ्या हातचा कपडा कुणाला काचलेला नाही."

दुकानाशेजारच्या पंक्चरवाल्याने सूट पाहिला आणि पोट धरले. "मास्तर, रबर शिवतात होय? थांबा, एक ट्यूब देतो, तिला काज-बटण करून द्या." परंतु माणूस मनाचा चांगला. त्याने दोन दिवस खपून पट्ट्या काढल्या, फटींना सोल्यूशन लावले, आतून पॅच चिकटवले आणि बाह्यांत पाणी भरून कोठे थेंब गळतो का, हेही पाहिले.

पुढच्या रविवारी सूट शाबूत राहिला, पण मास्तर भरकटले. टँकच्या तळाशी काळ्या फरशीची रेघ असते. खडूच्या रेघेवर कात्री चालवावी तसे मास्तर त्या रेघेवरून पोहत. तलावाच्या हिरव्या पाण्यात रेघ तर नव्हतीच, स्वतःचा पंजाही दिसत नव्हता. त्यात छत्तीस वर्षे कात्री चालवून त्यांचा उजवा हात डाव्याच्या दीडपट झालेला. त्याची ओढ जास्त, म्हणून मास्तर हळूहळू डावीकडे वळत. मोठ्या दिमाखात हात मारीत ते पलीकडे एका होडीवाल्याच्या धक्क्याला जाऊन लागले.

"कुठं निघालात?" होडीवाल्याने विचारले.

"किनाऱ्यावर."

"कुठल्या?"

होडीवाल्याने त्यांना होडीत घेतले आणि वाटेत उपाय सांगितला. दर दहा हातांनी डोके वर काढायचे, समोर एक खूण धरायची आणि तिच्याकडेच यायचे. जाताना वळणावर मोठा पिवळा फुगा तरंगत असणार होता, त्याची चिंता नव्हती. चिंता परतीची होती, कारण मास्तरांचा चष्मा काठावर राही आणि चष्म्याशिवाय त्यांना दूरचा माणूस व दूरचा खांब सारखाच दिसे.

तिसऱ्या रविवारी परतताना त्यांना काठावर काहीतरी ठळक पांढरे दिसले. त्यांनी तीच खूण धरली. थोड्या वेळाने खूण सरकू लागली. मास्तरही निष्ठेने तिच्यामागे सरकले. ती दूध पोहोचवणारी गाडी होती. त्या दिवशी एक्केचाळीस मिनिटे लागली.

घड्याळ खिशात टाकून मुलगी सायकलचे चाक पुसत बसली. चाक स्वच्छच होते. मास्तरांना तिचे ते पुसणे फार लागले. त्या आठवड्यात त्यांच्या हातून एका विजारीचा डावा पाय दोन बोटे आखूड कापला गेला. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

"खूणच पाहिजे ना?" बाई म्हणाल्या. "मी उभी राहते." आणि त्यांनी फळीवरचे भडक नारिंगी अस्तर खाली ओढले.

"तू? तू फोटो काढतानासुद्धा हलतेस."

"मग पुतळ्याला न्या."

मास्तरांनी पुतळ्याचा खरोखरच विचार केला. परंतु त्याची उंची कमी पडत होती. बाईंवर विश्वास टाकणे मात्र सोपे नव्हते. दूध तापवायला उभ्या राहिल्या तरी मध्येच शेजारणीला काही सांगून येत आणि दूध उतू जाई.

स्पर्धेच्या सकाळी साठ जण एकदम पाण्यात शिरले. कोणाची तरी टाच मास्तरांच्या नाकावर बसली. पाणी घशात गेले, श्वास अडकला आणि मदतीची होडी धरून हे सगळे संपवावे, असे त्यांच्या मनात आले. होडी धरली तर मुलीचे वर्ष बुडणार होते. त्यांनी स्वतःलाच बजावले, "समोर बघा, श्वास रोखू नका." पिवळा फुगा आला. ते वळले, डोके वर काढले. ऊन डोळ्यांत शिरले आणि सगळा काठ पुसल्यासारखा झाला. दहा हात. पुन्हा दहा हात. मग एक नारिंगी ठिपका दिसला. आणखी दहा हातांनी पाहिले तेव्हाही तो तेथेच होता.

काठावर दोरी धरलेला कार्यकर्ता नारिंगी अस्तर पांघरून उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला, "मावशी, जरा मागे सरका."

"नाही."

"नियम आहे, मावशी."

"तुमचा नियम मागे सरकवा. माझा माणूस पाण्यात आहे."

पंक्चरवाला चहा घेऊन आला. बाईंनी मान वळवली नाही. "वहिनी, पापणी तरी लवू द्या," तो म्हणाला, आणि त्यांच्या वाटचा चहा स्वतःच प्यायला.

मास्तर बाहेर आले तेव्हा चौतीस मिनिटे आणि दहा सेकंद झाले होते. मुलीने त्यांच्या घोट्याचा, संघाची वेळ मोजणारा पट्टा सोडून आपल्या पायाला बांधला, त्यांचे ओले डोके एकदा गच्च धरले आणि सायकलवर टांग टाकली. पुढे त्यांचा संघ नऊ संघांत आठवा आला. नववा कोणाचा, हे मास्तर आजही न विचारता सांगतात.

त्यांनी चष्मा लावला आणि पत्नीकडे पाहिले. "हलली नाहीस?"

"आता हात द्या. पाय बधिर झालेत."

मी बाईंना वर्गात विचारले की, तुम्हाला हे जमले कसे? त्यांनी सांगितले की, लग्न झाल्यापासून मास्तरांना काही हवे असले तर ते भिंतीकडे बघून बोलत, "या घरात चहा मिळतो का?" असे. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, गळ्यातला टेप काढला आणि पत्नीकडे बघून म्हटले, "उद्या मी बाहेर येईपर्यंत जागेवरून हलू नकोस."