कडेपासून तीस सेंटीमीटर

तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावरसुद्धा.

अठरा वर्षं ती एकाच वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर होती. सुरुवातीला फोनवरून धावफलक उतरवून घ्यायची. एकदा चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना पाहायला गेली, तर एका संघाचा कप्तान नळावर दाढी करत होता. तिने सगळ्या संघाचे जन्मदाखले शोधून काढले. चौकशी बसली, निवड समिती घरी बसली आणि तिला तिचं काम सापडलं. पुढे कागदावरच बांधलेला तरणतलाव निघाला, एकदाही मैदानावर न आलेला प्रशिक्षक निघाला. ती दारात दिसली की पदाधिकारी अर्धा चहा टाकून उठत.

मग आठशे मीटरचं रेकॉर्ड मोडलं. मोडणारी एका शिंप्याची मुलगी, एकोणीस वर्षांची. अकरा वर्षं टिकलेली वेळ तिने जेमतेम अर्ध्या सेकंदाने मागे टाकली. लगेच कुजबुज सुरू झाली. ट्रॅक नुकताच नव्याने केला होता; तो आखूड झालाय, म्हणे. ॲथलेटिक्स संघटनेने महिनाभर रेकॉर्ड अडवून ठेवलं. राष्ट्रीय शिबिराची यादी शुक्रवारी लागणार होती. रेकॉर्ड मंजूर नाही, तर मुलीचं नाव नाही.

रविवारी सकाळी फूटपट्टी पोलादी टेप घेऊन मैदानावर गेली. दुसरं टोक धरायला थोरला भाऊ होता.

"लोक रविवारी बायकोला सिनेमाला नेतात," दादा म्हणाला. "मी बहिणीची टेप धरतो."

"वहिनीने सोडलं ना? मग वाक."

ट्रॅकच्या आतल्या बाजूला दोन बोटं उंचीची कड असते. तिला टेप लावून ते दोघं पूर्ण फेरी फिरले. चारशेला जवळपास दोन मीटर कमी. दोनदा मोजलं, तेवढंच. आठशेला दोन फेऱ्या, म्हणजे पावणेचार मीटर. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्तच. मुलीचं रेकॉर्ड तेवढ्यात गडप होत होतं.

मंगळवारी बातमी तयार झाली. संपादकांनी पहिलं पान दिलं. फक्त एक काम उरलं होतं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं, हा तिचा नियम. ट्रॅक राखणारे काका मैदानावर पाणी मारत होते. तिने आकडा सांगितला. काकांनी नळी खाली ठेवली.

"टेप कुठे धरली होती?"

"कडेला लावून."

"ताई, कडेला चिकटून धावून दाखवा. दुसऱ्या पावलाला घोटा मुरगळेल. माणूस कडेपासून तीस सेंटीमीटर लांब धावतो. मोजायचं तिथून. आखणीवाल्याने त्या रेषेवर दर हातभर अंतराला खडूच्या खुणा करून घेतल्या होत्या माझ्याकडून. आठवडाभर कंबर धरली होती."

ती तिथेच पायरीवर बसली. इतरांच्या चुका मोजण्यात अठरा वर्षं गेली, आणि तिने नियमाचं पुस्तक उघडलंच नव्हतं. टेप आहे म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं.

कार्यालयात परत येऊन तिने बातमी मागे घेतली. संपादकांनी चष्मा काढला.

"मग आता पहिल्या पानावर काय? रांगोळी काढू?"

"उद्या परत मोजते. बरोबर निघालं तर तेच छापा."

"रेकॉर्ड खरं आहे, ही बातमी? अगं, आजवर तू कुणाला मोजून पास केलं नाहीस."

"कुणी पास होण्यासारखं भेटलं नाही."

बुधवारी उजाडताच ते तिघं गेले. काकांनी खडू मारला, दादाने न कुरकुरता टोक धरलं, तिने नियमाचं पुस्तक उघडून शेजारी ठेवलं. तीनदा मोजलं. चारशे मीटर आणि वर दोन सेंटीमीटर. ट्रॅक चोख होता.

गुरुवारी बातमी आली. पहिलंच वाक्य होतं: रविवारी मी हा ट्रॅक चुकीचा मोजला. पुढे चूक कशी झाली, बरोबर कसं मोजायचं, आकडे काय आले, सगळं ओळीने. शेवटी एकच प्रश्न: महिनाभरात संघटनेतल्या कुणी टेप का उचलली नाही? दुपारी दोन अधिकारी टेप घेऊन मैदानावर आले. सोबत छायाचित्रकारही आणला होता. त्यांचाही आकडा तोच आला.

शुक्रवारी संघटनेच्या दारावर यादी लागली. मुलीचं नाव सातवं. शिंपी मात्र पहिल्यापासून एकेक नाव वाचत आला, सातव्यावर थांबला आणि गळ्यातली टेप विनाकारण गुंडाळू लागला. मुलगी फूटपट्टीजवळ आली.

"मॅडम, ट्रॅक दोन सेंटीमीटर मोठा निघाला ना? म्हणजे मी दोन सेंटीमीटर जास्तच धावले."

"चार," फूटपट्टी म्हणाली. "दोन फेऱ्या होत्या."