दोन बेंब्यांची गोटी

पुष्पलताबाईंच्या पर्समध्ये एखादे वेळी कंगवा नसेल, पण बॅटरी असायचीच. पेन्सिलीएवढी, खटका दाबला की पांढरा झोत टाकणारी. कुणाच्या घरी गेल्या आणि पोरांच्या खेळण्यांत एखादी गोटी दिसली, की बाई बोलता बोलता गप्प व्हायच्या, बॅटरी काढायच्या आणि गोटी डोळ्याशी धरायच्या. यजमानीण बिचारी चहाचा कप घेऊन ताटकळत उभी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, या बाईंना कमी दिसतं. वास्तविक मोखाड्याच्या सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी करताना त्यांच्या नजरेतून एक राहिलेली सही कधी सुटली नव्हती.

राहायला जव्हारात, नोकरी मोखाड्यात, रोज जीपने जाऊन येऊन. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली, नवरा उमेशराव शिक्षकी संपवून रोज शिरपामाळाकडे फिरायला जाऊ लागले, आणि बाईंना चोपन्नाव्या वर्षी गोट्यांचं वेड लागलं. पुन्हा लागलं म्हणायला हवं. लहानपणी त्या भावांच्या सगळ्या गोट्या जिंकायच्या आणि भाऊ भोकाड पसरायचे. मग एके दिवशी आईने, पोरीच्या जातीला हे शोभत नाही म्हणत, जिंकलेला सगळा ऐवज विहिरीत ओतला. त्याचा राग बाईंनी आजतागायत जपून ठेवला होता. एरवी शांत बाई, पण राग जपण्यात पटाईत.

उमेशराव थट्टा करायचे, पण त्यांनीच सुताराकडून सागवानी डबा करून आणला. सात रांगा, प्रत्येकीत सात कप्पे. अठ्ठेचाळीस कप्पे वर्षभरात भरले. अगदी मधला तेवढा रिकामा होता, कारण तो खऱ्या जुन्या, हाताने घडवलेल्या गोटीसाठी राखून ठेवला होता, आणि तशी एकही गोटी बाईंकडे नव्हती.

नव्हती हेसुद्धा त्यांना उशिरा कळलं. सुरुवातीला त्यांनी सगळे नवशिके करतात तेच केलं. जे मळकं, खरचटलेलं, टवका उडालेलं, ते जुनं असं धरून चालल्या. अशी गोट्यांची पिशवी घेऊन त्या नाशिकला भावेशकडे गेल्या. हा भावेश जुन्या वस्तूंचा व्यापारी. माणूस सरळ, पण तोंडाने फटकळ. त्याने पिशवी रुमालावर ओतली आणि एका बोटाने गोट्या बाजूला सारत गेला.

"ही फिकट हिरवी, सोडावॉटरच्या बाटलीतली. ही आत रंगीत पाकळीवाली, मांजरडोळा. मशीनची. ही मशीनची. हीपण. बाई, खरचटलं म्हणून जुनं होत नाही. माझा गुडघापण खरचटलाय."

बाईंचा चेहरा पडलेला पाहून त्याने कपाटातून स्वतःची एक गोटी काढली. हाताने करताना, तो म्हणाला, काचेची तापलेली कांडी घ्यायची, तिच्या टोकाला गोटी गोल करायची आणि कात्रीने तोडायची. तोडलं तिथे खूण राहते, दोन्ही टोकांना. आतले रंगीत धागे एका खुणेपासून निघतात, पीळ घेत दुसरीपाशी जातात. मशीनच्या गोटीला अशी खूण नसते.

बाईंनी नखाने ती खूण चाचपली आणि म्हणाल्या, "म्हणजे बेंबी!"

भावेश हसला. पण बाईंना गोट्यांची सगळी विद्या त्या एका शब्दात मिळाली. हाताने जन्माला आली तिला बेंबी असणार, मशीनमधून पडली तिला नसणार. त्या दिवसापासून त्या बेंबी शोधत फिरू लागल्या, आणि दोन पावसाळे गेले तरी कुठे सापडली नाही.

मग कचेरीत जिव्या आला. पोशेऱ्याचा म्हातारा, डोंगरावर भात-नागली करणारा आणि गावच्या बोहाड्यासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवणारा. बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात, त्यातली निम्मी तोंडं जिव्याच्या हातची. वृद्ध कलावंतांना मिळणाऱ्या मानधनासाठी त्याने अर्ज केला होता. बाईंनी विचारलं, कलेचा पुरावा काय? जिव्याने खांद्यावरचं गाठोडं टेबलावर सोडलं. आत एक जुना वेताळाचा मुखवटा, दोन ब्रश, आणि वीतभर लांब लाकडी दांडी, तिच्या टोकाला लाखेत बसवलेली काचेची गोटी.

"ह्यो घोटा, बाय," जिव्या म्हणाला. "लगद्यावर खडूचा लेप दिला, का ओला हाय तवरच घोटायचा. मंग चकाकतं. माझे बापाचा घोटा. त्याला ती गोटी जव्हारचे बाजारान सापडली व्हती."

गोटीचा अर्धा भाग लाखेत बुडालेला, अर्धा बाहेर. बाहेरचं टोक झिजून रुपयाच्या नाण्यासारखं सपाट झालेलं. बाईंचा हात आपोआप पर्सकडे गेला. झोतात तांबडे-निळे धागे दिसले. सपाट टोकापासून निघून पीळ घेत ते लाखेत शिरत होते. म्हणजे एक बेंबी असलीच तर घासून गेली होती, आणि दुसरी असलीच तर लाखेच्या आत होती. बाईंनी बॅटरी विझवली आणि लगेच पुन्हा लावली.

जिव्या काही आंधळा नव्हता. "आवडली, तर घे बाय," तो सहज म्हणाला.

"तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे तोवर मी तुमच्याकडून पाण्याचा पेलासुद्धा घेणार नाही," बाई म्हणाल्या आणि बॅटरी पर्समध्ये टाकून त्यांनी घाईघाईने अर्ज वाचायला घेतला. त्या दिवशी त्यांनी तो तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा गोटीच दिसली.

अर्ज यथावकाश मंजूर झाला. मग फाल्गुनातल्या एका रविवारी बाई जीपने पोशेऱ्याला उतरल्या. जिव्या ओसरीत त्राटिकेचा मुखवटा करत बसला होता. बोहाडा पंधरा दिवसांवर आला होता. त्याची सून चैती हिने पाणी आणलं, आणि या वेळी बाई ते प्यायल्या.

"मला फक्त तिची दुसरी बाजू बघायची आहे," त्या म्हणाल्या.

जिव्याने निखाऱ्यावर लाख ऊन केली, गोटी अलगद सोडवली आणि राखेने घासून त्यांच्या तळहातावर ठेवली. बाईंनी ती फिरवली. होती! धागे जिथे एकत्र येऊन मुरडले होते तिथे बारीकशी, खडबडीत, कात्रीने तोडलेली बेंबी होती. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी चैतीचा हातच धरला. चैतीला काही कळलं नाही, पण ती हसली.

"ने आता," जिव्या म्हणाला. "आता कागुद नाय मधे."

बाईंनी नको नको केलं, पण ते काही फार जोरात केलं नाही. पर्समध्ये नवी गोटी होतीच, मशीनची, बाजारातल्या पाकिटातली, दिसायला देखणी. ती त्यांनी पुढे केली. तिला बघून जिव्या खूश झाला. त्याने बापाच्या घोट्याशिवाय जन्मात दुसरा वापरला नव्हता. गोटी ती गोटी, असंच त्याला वाटलं आणि बाईंनाही. नवी लाखेत बसली, जुनी पर्समध्ये गेली, आणि दोघं एकमेकांवर जाम खूश झाली.

घरी येऊन बाईंनी मधला कप्पा भरला. उमेशरावांना पुढे बसवून डबा तीनदा उघडला आणि तीनदा मिटला. भावेशला फोटो पाठवला, तर त्याचा लगेच फोन. "बाई, अस्सल माल! एक बाजू घासून सपाट झालीय, तेवढं एक वैगुण्य. बाकी नशीब काढलंत." तो आठवडा बाई हवेत होत्या. कचेरीत लोकांना चहा पाजला, कारण विचारलं तर नुसत्या हसल्या.

पुढच्या आठवडी बाजाराला चैती मोखाड्यात भेटली. बाईंनी मोठ्या उत्साहाने विचारलं, त्राटिका झाली का?

चैतीने मान खाली घातली. "नाय झाली. बाबा चार दिस घोटतात. गालावर रेघाच उठतात. लेप खरवडला, परत दिला, परत रेघा. काल मुखवटा गुंडाळून ठेवला. गावाला सांगितलं, माझा हात गेला, आता दुसरीकडून आणा सोंग."

"गोटीबद्दल काही म्हणाले?"

"गोटीचा काय नाय. हात गेला, येवढाच बोलले. जेवत पन नाय नीट."

 संध्याकाळी बाई घरी पोचल्या त्या थेट स्वयंपाकघरात. भाकरीसाठी मळलेला नागलीच्या पिठाचा गोळा परातीत थापला. त्याच पाकिटातली दुसरी नवी गोल गोटी त्यावरून ओढली, तर चर पडला. शेजारी ओढली, दुसरा चर. मग डब्यातली जुनी गोटी आणली आणि सपाट बाजूने फिरवली. एक रेघ उठली नाही. पीठ तुकतुकीत झालं.

भुकेलेले उमेशराव दारात उभे राहून हे बघत होते. "भाकरी होणार आहे की हिचीपण सोंगंच काढायची आहेत?"

बाई पाटावर बसल्या. ज्याला भावेश वैगुण्य म्हणाला, ज्याच्याकडे आपण नीट पाहिलंही नाही, ते टोक म्हणजेच घोटा होता. बापाने आणि मुलाने जन्मभर घासून घासून ती सपाटी आणली होती. तेवढी सोडून बाकी सगळं आपण पाहिलं! आणि तिकडे तो म्हातारा स्वतःच्या हाताला दोष देत उपाशी बसलाय. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

सगळं ऐकून उमेशराव म्हणाले, "नवी गोटी कानशीने सपाट करून देऊ. तुझीही राहील, त्यांचंही भागेल."

युक्ती वाईट नव्हती. बाईंनी डब्यातल्या मधल्या कप्प्याकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर जरा जास्त वेळच पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन जन्म लागले हो त्याला. बोहाडा आठ दिवसांवर आलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत आधी न कळवता रजा घेतली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. पोशेऱ्याला जिव्या ओसरीत नुसताच बसला होता, हात मांडीवर ठेवून. बाईंनी गोटी पुढे धरली.

"दिलेली वस्त परत नाय घेत, बाय."

"जिव्याबाबा, तुमचा हात गेलेला नाही. माझं डोकं गेलं होतं. आधी घोटून बघा, मग काय ते बोला."

 म्हाताऱ्याने चैतीला निखारे आणायला सांगितलं. लाख मऊ झाली. नवी गोटी निघाली. जुनी बसवायची तर सपाट टोक बाहेर ठेवावं लागणार, आणि बेंबी आत जाणार. बाईंनी एकदा बॅटरी लावली, बेंबी डोळे भरून पाहिली आणि स्वतःच्या अंगठ्याने गोटी लाखेत दाबली. अंगठा चांगलाच पोळला. मधला कप्पा पुन्हा रिकामा झाला, आणि दोन वर्षं जी शोधली ती बेंबी आता कुणालाच दिसणार नव्हती.

लाख थंड झाल्यावर जिव्याने त्राटिकेच्या गालाला ओला लेप दिला, जरा थांबला, आणि घोटा टेकवला. एकदा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. तिसऱ्यांदा हात आपोआप जुन्या लयीत गेला. गाल चकाकायला लागला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, त्याने ते पुसलंसुद्धा नाही. पाणी लेपावर पडू नये म्हणून मान तेवढी बाजूला केली.

"चैते, गावात सांग," तो म्हणाला. "सोंग दुसरीकडून नका आणू."

मग बाईंपुढे हात करून म्हणाला, "ती बत्ती दे जरा."

त्याने बॅटरी गालाजवळ तिरकी धरली आणि रेघ शोधू लागला, बाई बेंबी शोधायच्या तशीच, श्वास रोखून. रेघ सापडली नाही. तो हसला, आणि विझवलेली बॅटरी पुन्हा लावून पुन्हा शोधू लागला. परतीची जीप आली तेव्हासुद्धा तो शोधतच होता, म्हणून बाईंनी बॅटरी मागितली नाही.