पाण्याखालचा थर

भाईंदर पूर्वेला एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात मी पत्ते दुरुस्त करायचं काम करत होते. मीरा रोडच्या शांती नगरमध्ये एकाच नंबरच्या बिल्डिंगा वेगवेगळ्या सेक्टरमध्ये आहेत. त्यामुळे पार्सलं भलत्याच दारात जायची आणि ती खरं कुठे जायला हवी होती हे मी शोधून लिहायचे. एक दिवस साहेबांनी सांगितलं की यापुढे हे काम नकाशावर होणार आहे. ज्यांना ते येईल त्यांना नव्या विभागात घेऊ, बाकीच्यांचं बघू. बाकीच्यांचं बघू म्हणजे काय, ते आम्हाला सगळ्यांनाच कळलं.

अंधेरीला एका क्लासमध्ये चौकशी केली आणि फी ऐकून परत आले. मग ऑफिसातल्या एकीने सांगितलं की यातलं एक चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि शिकवणारे व्हिडिओही आहेत. मी एक जुना लॅपटॉप घेतला. त्याची बॅटरी गेलेली होती, प्लग निघाला की तो बंद पडायचा. सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरात सॉकेट फक्त टीव्हीपाशी होता, म्हणून मी टीव्हीखाली जमिनीवर बसून शिकले. बाबा मागे पलंगावर बसून बातम्या बघायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. बाबा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी बुद्ध विहारात जायचे, एरवी फारसे बाहेर पडत नसत.

नकाशा म्हणजे एक चित्र असं मी समजत होते. इथे तो थरांचा असतो. रस्त्यांचा एक थर, इमारतींचा दुसरा, नाल्यांचा तिसरा. हवा तो लावायचा, नको तो काढायचा. पहिला सराव म्हणून मी मोबाइल हातात घेऊन आमच्या गल्लीतून फिरले, दुकानं आणि गेटं टिपून आणली, आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले. स्क्रीन कोरीच राहिली. नकाशा लहान लहान करत नेला तेव्हा माझे सगळे ठिपके नॉर्वेच्याही वर, समुद्रात सापडले. अक्षांशाच्या जागी मी रेखांश भरले होते. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "थंडी असेल तिथं," आणि पुन्हा बातम्यांकडे वळले.

काही आठवड्यांनी जुना नकाशा नव्यावर बसवायचा धडा आला. कागदी नकाशाचा फोटो घ्यायचा, त्यातली आणि उपग्रहाच्या चित्रातली तीच तीच ठिकाणं शोधून एकमेकांना जोडायची, मग सॉफ्टवेअर तो कागद ताणून बरोबर जागेवर बसवतं. उदाहरणासाठी कुठलाही नकाशा चालला असता. मी बाबांच्या गावाचा शोधला. ते गोदावरीकाठी होतं आणि बाबा शाळेत असताना धरणाच्या पाण्यात गेलं. मी ते कधी पाहिलेलं नाही. एका परदेशी ग्रंथालयाने जुन्या सर्वेक्षणाचे कागद इंटरनेटवर फुकट ठेवलेले आहेत, त्यात तो भाग मिळाला.

जोडण्यासारखी ठिकाणं सापडेनात. नदीची वळणं, जुने रस्ते, सगळं पाण्याखाली होतं. शेवटी पाण्याबाहेर राहिलेली एक टेकडी, रेल्वेचा एक पूल आणि लांबची दोन गावं यांच्यावर काम भागवलं. कागद बसला. वरचा थर हळूहळू पारदर्शक करायची एक पट्टी असते. ती सरकवली की शेतं, पायवाटा, गाव पुसट होत जायचं आणि खालून निळं पाणी वर यायचं. उलट सरकवली की पाणी जायचं. मी बराच वेळ तेच करत बसले. मग गावाच्या दाट लाल ठिपक्याच्या मधोमध एक खूण केली आणि तिला 'आमचं घर' असं नाव दिलं.

रविवारी जेवण झाल्यावर मी बाबांना खाली लॅपटॉपपाशी बोलावलं. त्यांना भरून येईल असं मला वाटत होतं. ते चष्मा लावून बसले, उत्तर कुठली ते विचारलं, बोटाने नदी शोधली. मग माझ्या खुणेवर बोट ठेवलं.

"इथं आपण नव्हतो," ते म्हणाले. "इथं आपल्याला कुणी राहू दिलं नसतं."

त्यांनी बोट पूर्वेला सरकवलं, ओढ्याच्या पलीकडे. तिथे कागदावर बारीक चार-दोन चौकोन होते, नाव काही नव्हतं. मला ते गोठे वाटले होते. ती आमची वस्ती. गावात विहिरीची खूण होती, ती त्यांनी दाखवली. त्यांची आई तिथे घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत. कधी अर्धा दिवस जायचा. हे ते सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज बातम्यांवर बोलताना असतो तसाच होता.

मी विचारलं, पाणी आलं तेव्हा काय झालं. ते म्हणाले, वस्ती सखल भागात होती, म्हणून ती आधी बुडाली आणि गाव नंतर. निघताना गावातली सगळी माणसं रडत होती.

"माझी आई रडली नाही," बाबा म्हणाले. "ती म्हणाली, चला."

नव्या गावठाणात सरकारने पट्टीने आखल्यासारखे प्लॉट पाडले होते आणि चिठ्ठ्या टाकून वाटले होते. आमच्या घराला गावातल्या एका मोठ्या घराशेजारचा प्लॉट आला. आजीने तिथे चूल मांडली. पण हळूहळू लोकांनी आपसात प्लॉट बदलून घेतले, काही जणांना बदलायला लावलं, आणि आमची माणसं पुन्हा एका टोकाला गेली. पाणी तेवढं नळाचं होतं. बाबा पुढे मुंबईला आले ते परत राहायला गेले नाहीत.

मी माझी खूण पुसली आणि ओढ्यापलीकडे नवी केली. नाव काय द्यायचं विचारलं. ते म्हणाले, काही नको. ती खूण अजून बिननावाचीच आहे.

मग त्यांनी सांगितलं, "इथलं दाखव. मीरा रोडचं." मी आमची बिल्डिंग दाखवली, विहार दाखवला. ते म्हणाले की विहारातली किती तरी म्हातारी माणसं आता येत नाहीत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचा मुलगा बाहेरगावी आहे. ती कुठे राहतात हे कुणाला नीट ठाऊक नाही, मेल्यावरच पत्ता विचारत फिरावं लागतं. "त्यांना टाक यात," ते म्हणाले. "पाण्यातलं गाव घेऊन काय करतेस."

मी त्यांच्या मोबाइलवर जागा टिपायचं ॲप घालून दिलं. ते संध्याकाळी शांती नगरमधून फिरायला लागले. वॉचमन विचारायचा, "किसके यहाँ जाना है?" आणि बाबांना नाव आठवायचं, नंबर आठवायचा नाही. मग दोघं मिळून शोधायचे. सुरुवातीला ते चालता चालताच बटण दाबायचे, त्यामुळे एक आजी रस्त्याच्या मधोमध राहायला आल्या. नंतर ते गेटपाशी थांबून दाबायला शिकले.

नकाशा तयार झाल्यावर मी त्याची मोठी प्रिंट काढून विहारात लावली. नावांसकट. मला ती चांगली दिसत होती. पुढच्या रविवारी एक आजी मुद्दाम रिक्षा करून आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मी एकटी राहते हे भिंतीवर कशाला लावलंय? कोणी पण वाचेल." आम्ही दोघांनी ती तिथल्या तिथे उतरवली. बाबा त्यांची माफी मागत त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. आता तो थर फक्त बाबांच्या आणि विहाराच्या सचिवांच्या मोबाइलमध्ये आहे. त्या आजींनी नंतर स्वतःहून आपला मजला सांगितला आणि लिफ्ट बंद असते हेही लिहायला लावलं.

मला नव्या विभागात घेतलं. ऑफिसात महागडं सॉफ्टवेअर आहे, पण हात फुकटच्यावर बसलाय, म्हणून अडलं की घरी येऊन त्यावर करून बघते. बाबा रविवारी विहारातून निघून दोन-तीन घरं करतात. कुठे औषधं आणून देतात, कुठे नुसते चहा पीत बसतात. जेवायला कधी येतील त्याचा नेम नसतो. मी त्यांचं ताट झाकून ठेवते आणि जेवून घेते.