हळदीच्या कुकरात शिजलेला बाजा

दुसऱ्यांदा फोड आले तेव्हा बाबूमास्तर समोरच स्टुलावर बसले होते, त्यामुळे लपवायची सोय नव्हती.

मी त्यांचा बाजा बफिंगच्या चाकावर धरला होता. बफिंग म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू घासून चकाकी आणणं. चाक फिरलं, बाज्याच्या तोंडाची किनार तापली आणि आरशासारख्या निकेलवर पापडावर येतात तसे बारीक फोड उठले. नखानं टोकरलं तर कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा हातात आला. खालचा तांब्याचा थर जसाच्या तसा.

“बाई, ह्ये काहून निघून राह्यलं?” मास्तरांनी विचारलं.

“करंट डेन्सिटी,” मी म्हणाले.

त्या काळात उत्तर सुचलं नाही की मी इंग्रजी बोलायची. वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं माझं प्लेटिंगचं शॉप होतं. सासऱ्यांच्या सायकल दुकानाची मागची खोली, त्यात चार टाक्या आणि एक मी. नांदेडहून बी.एस्सी. होऊन आलेली. अंगात पांढरा एप्रन, आणि भिंतीवर फ्रेममध्ये डिग्री, अशी लावलेली की ट्रॅक्टरच्या आरशाची कडी चमकवायला आलेल्या माणसाला आधी ती दिसावी. अ‍ॅसिडच्या वाफेनं फ्रेमचा खिळा खाल्ला आणि डिग्री एक दिवस धाडकन खाली आली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, “बरं झालं, जमिनीवर आली.” त्या डिग्रीबद्दलच बोलत होत्या असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

तर मास्तर. जवळा बाजारला त्यांचा बँड होता. लग्नाचा बँड, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. बाजा म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं पितळी मोठं वाद्य, पुस्तकात त्याला युफोनियम म्हणतात. त्यांच्या वडिलांचा होता. वरचं निकेल झिजून झिजून तो चितकबरा झालेला. आणि आता धाकट्या लेकीचं, सुनंदाचं, लग्न तोंडावर आलं होतं.

“पावन्यांनी डीजे सांगितलाय,” मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “म्हनले, बँड आता कोन ऐकतं? म्या म्हनलं, वरातीत तुमचा डीजे वाजू द्या. पन लेकीच्या पाठवणीला माझा बाजा वाजंल. म्या सोता वाजवनार. तेवढा तो नवा दिसला पायजे, बाई. लेकीच्या सासरचे हसू नयेत.”

“चिंता नको, मास्तर. सायंटिफिक पद्धतीनं करू,” मी म्हणाले. आज आठवलं की त्या बाईचा कान धरावासा वाटतो.

प्लेटिंग म्हणजे काय, तर धातूच्या क्षाराच्या पाण्यात वस्तू टांगायची, वीज सोडायची, आणि पाण्यातला धातू वस्तूवर पातळ थरानं बसतो. बाज्याला आम्ही पितळावर आधी तांबं चढवायचो आणि तांब्यावर निकेल. भिंतीला आधी गिलावा, मग रंग, तसं. तांब्याच्या टाकीला मी कुलूप ठेवायची, कारण त्या पाण्यात विष असतं. थर एकमेकाला धरून बसतात ते फक्त स्वच्छ अंगावर. मध्ये तेलकट बोटाचा ठसा जरी राहिला, तरी वरचा थर बसल्यासारखा दाखवतो आणि उठतो.

म्हणून एक सोपी परीक्षा असते. धुतलेली वस्तू गार पाण्यातून काढायची आणि बघायचं. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर वस्तू स्वच्छ. पाणी तुटलं, थेंब थेंब झालं, तर तेल आहे. ही परीक्षा मी दोन्ही वेळा घेतली होती. दोन्ही वेळा चादर अशी उतरली की इस्त्री केलेली वाटावी.

म्हणजे तेल नाही. पहिल्या खेपेला मी दोष विजेला दिला. दुसऱ्या खेपेला वीज कमी ठेवली, तरी फोड. तेव्हा मी दोष केमिकलला दिला. निकेलला चकाकी यावी म्हणून टाकीत एक ब्राइटनर घालतात. तो जास्त झाला तर थर ठिसूळ होतो. मी चौकातल्या एसटीडीवरून नांदेडच्या सप्लायरला फोन लावला आणि माल भेसळीचा आहे असं जोरात ऐकवलं. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळावं इतक्या जोरात.

त्यांचा सेल्समन एसटीनं आला. सडपातळ, घामेजलेला, हातात रेक्झिनची बॅग. त्यानं टाकीतलं पाणी बाटलीत घेतलं, पत्र्याची एक पट्टी टांगून प्लेट केली आणि वाकवून पाहिली. पट्टीवरचं निकेल हललंसुद्धा नाही.

“मॅडम, केमिकल ठीक आहे.”

“मग फोड काय मी फुंकून आणले?”

तो टाकीवर पुन्हा वाकला. “एक विचारू? ह्या टाकीत तुम्ही हळद टाकता का?”

“काय?”

“वास येतोय. हळदीच्या तेलाचा.”

“अहो, हे वसमत आहे! शिमग्याच्या दिवसांत इथं एसटीच्या तिकिटालाही हळदीचा वास येतो.”

“तो बाहेरचा वेगळा, मॅडम. बाहेर ताज्या उकडलेल्या हळदीचा आहे. हा खवट आहे. टाकीवरूनच येतोय.”

पाहुण्याला दोन चहा द्यायची आमची रीत. त्याला मी एकावरच वाटेला लावलं.

तो गेल्यावर मात्र टाकीवर वाकून नाक लावलं. काही नाही. आत्याबाईंना बोलावलं. त्यांनी हुंगलं. “कशाचा वास? काईच न्हाई.” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तुला कसा येईल? लग्न होऊन आलीस तेव्हा पदर नाकाला लावून फिरायचीस. आता पदरालाच हळद हाय.”

खरं होतं. सीझनला गावाच्या चारी बाजूंनी हळद शिजते, वाळते, पॉलिश होते. आमची नाकं त्या वासाची मोजदाद करायची सोडून देतात. खवट हळदीचा वास कोणत्याही दुसऱ्या गावात पोरानंही ओळखला असता.

मी बाजा पुन्हा धुतला. गार पाण्यात चादर सलग. मग निकेलची टाकी आठवली. ती गार नसते, चांगली कढत असते. मी बादलीत तितकंच गरम पाणी घेतलं आणि बाज्याचं तोंड त्यात बुडवून धरलं. थोड्या वेळानं किनारीच्या कडेनं केसासारखी बारीक पिवळी रेघ बाहेर आली. वर काढला, तर किनारीजवळ पाणी फाटलं आणि थेंब थेंब झालं.

बाज्याच्या तोंडाची किनार सपाट कापलेली नसते. हाताला लागू नये म्हणून पत्रा आतल्या तारेवर दुमडतात, साडीचा काठ दुमडतात तसा. त्या दुमडीत बारीक पोकळी राहते. तेल तिथं जाऊन बसलं होतं. गार असताना गप्प राहायचं, तापलं की बाहेर यायचं, बरोबर थर बसायच्या वेळेला.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले.

“मास्तर, ह्याला तेल कोण लावतं?”

“वाजवायच्या वस्तूला तेल? न्हाई बा. त्याल कोन लावंल?” मग डोक्यावरची टोपी सरकवत म्हणाले, “दसऱ्याला पूजा असती तेवढी. हळद त्यालात कालवून किनारीनं बोट फिरवायचं. आधी माय फिरवायची, आता आमची मालकीन फिरवती.”

“कधीपासून?”

“म्या चालाया लागलो त्याच्या आधीपासून.”

मी विजयानं सगळं समजावून सांगितलं. दुमड, पोकळी, उष्णता. एप्रनच्या खिशात हात घालून. मास्तरांचा चेहरा उतरत गेला, ते मला उशिरा दिसलं.

“म्हंजे पूजेनं नास केला म्हन्ता?”

“तसं नाही, मास्तर. पूजा वरून झाली. तेल आत अडकलं. त्याला बाहेर यायला वाट नव्हती.”

ते किनारीवर अंगठा फिरवू लागले. “माय जाऊन लई वर्सं झाली,” म्हणाले. “तिचं बोट हाय ह्यात. समदं काढावं लागंल?”

“काढलं नाही तर पाठवणीला पुन्हा उठतील फोड. निकेलचा पापुद्रा पात्यासारखा असतो. हात कापेल तुमचा.”

“काढा मग.”

पण काढायचं कसं? थेट ज्योतीवर तापवला तर बाज्याचे जुने शिशाचे टाके, म्हणजे सोल्डरचे जोड, वितळून त्याच्या नळ्या सुट्या झाल्या असत्या. उकळत्या पाण्याइतकीच धग हवी, आणि ती सगळीकडून, पुष्कळ वेळ. माझ्याकडं एवढं मोठं भांडं नव्हतं. भांडं होतं ते दिराच्या शेतात.

तेव्हा आमच्याकडं हळद शिजवायचे वाफेचे कुकर नुकतेच आले होते. एक बॉयलर, त्यातून नळीनं वाफ मोठ्या ड्रममध्ये, ड्रममध्ये हळदीचे कंद. भावजींनी नवाच घेतलेला. मी मास्तरांना आणि बाज्याला रिक्षात घालून शेतात गेले.

भावजींनी बाज्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “वहिनी, ह्यात हळद शिजती. वरात न्हाई शिजत.”

“एक ड्रम रिकामा करून धुऊन द्या.”

“मीठ-मसाला टाकू का? का नुसतं अळणी पायजे?”

शेतातल्या बाया कंद टाकून बघायला आल्या. आम्ही बाजा तोंड खाली करून तारेनं ड्रममध्ये टांगला आणि वाफ सोडली. पहिल्यांदा झाकण काढलं तेव्हा किनारीवरून काळपट पिवळं तेल ओघळत होतं. तेव्हा तर मलाही वास आला.

मास्तरांनी पुढं होऊन बोट धरलं. एक थेंब बोटावर घेतला आणि कपाळाला लावला.

“मास्तर, इन्फेक्शन होईल!” मी ओरडले.

बाया हसल्या. मास्तरही हसले. “मायच्या हातचं हाय, बाई. कायबी व्हत न्हाई.”

मग पुन्हा वाफ, मग सोड्याचं पाणी, पुन्हा वाफ. ओघळ पिवळा, मग फिका, मग नुसतं पाणी. दिवस कलला तेव्हा भावजींनी विचारलं, “शिजला का? का अजून एक शिट्टी?”

शॉपमध्ये येऊन मी दुमडीची फट शिसं आणि कथिल मिसळून केलेल्या टाक्यानं सगळीकडून बुजवली, म्हणजे आत राहिलेलं बाहेर नको आणि बाहेरचं आत नको. अशा टाक्यावर निकेल नीट बसत नाही, म्हणून तांब्याचा थर जरा जास्त दिला. निकेलच्या टाकीत उतरलेलं तेल कोळशाची पूड घालून गाळून काढलं. परीक्षा घेतली, या वेळी गरम पाण्यात. चादर सलग उतरली.

बफिंगच्या वेळी मास्तर स्टुलावर बसले नाहीत, उभे राहिले. चाक फिरलं. किनार तापली. मी आणखी दाबून धरली. काही उठलं नाही. बाज्यात मास्तरांचा चेहरा दिसत होता, वाकडा आणि रुंद, आणि मागं माझा, त्याहून वाकडा.

“आता दसऱ्याला तेल नाही, मास्तर. मालकिणीला सांगा. लावायचंच तर पेटीला लावा.”

“बराबर,” मास्तर म्हणाले.

लग्नाला मी जवळा बाजारला गेले. वरातीत डीजे इतका वाजला की पत्रावळी हलत होत्या. पाठवणीच्या वेळी मात्र आवाज बंद झाला. मास्तरांच्या मानासाठी वगैरे नाही, डीजेवाली पोरं जेवायला बसली होती. मांडवात एकदम शांत झालं आणि मास्तरांनी बाजा मांडीवर घेतला. ऊन किनारीवर असं आलं की सुनंदानं डोळ्यावर हात धरला. सासरची मंडळी बाज्याकडं बघत होती. कुणी हसलं नाही.

मध्येच मास्तरांचा दम तुटला. सूर थरथरला, थांबला, पुन्हा लागला. मान खाली घातली आणि डोळ्यांतलं पाणी किनारीवर पडलं. भोवतीच्या सगळ्या बाया रडत होत्या. मी काय करत होते? मी वाकून बघत होते, पाणी पसरतंय की थेंब होतंय.

थेंब झाले. गोल, टपोरे.

म्हणजे सकाळीच मालकिणीचं बोट किनारीवरून फिरलेलं होतं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर डोळ्याला लावला आणि माझी नजर चुकवली. किनार बुजवलेली होती, आत जायला जागा नव्हती. मी गप्प बसले.

आज शॉप सून चालवते. बँड बंद झाला, पण बाजा आहे. मास्तरांचा नातू मागच्या वर्षी घेऊन आला होता, नळीला पोचा पडला म्हणून. किनारीचं निकेल अजून धरून आहे, आणि किनारीवर बोटभर पिवळा पट्टा. मी सुनेला म्हणाले, “पुसून टाक, विचारू नकोस.”

त्या सेल्समनला त्याच्या पुढच्या खेपेला मी दोन चहा पाजले, एक मागचा. त्याच्याकडून मी एवढंच शिकले की आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. म्हणून आमच्याकडं बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आधी टाकीजवळ उभं करतो. नाक लावून झालं की मग चहा.