काकूंच्या वकिलाची शेवटची निवडणूक

दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची इतकी काळजी करणारी बाई अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरी नसेल. स्प्रिंगफील्ड लेक्स या इथल्या उपनगरात आमच्या समोर राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, जन्मभर कोर्टात टायपिस्ट होत्या. नातीला सांभाळायला म्हणून आल्या आणि इथल्या लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक जाडजूड चरित्र सापडलं. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हाच्या कुठल्याशा वकिलाचं. त्याच्या गावचे लोकही त्याला विसरले असतील, पण काकूंनी त्याला घरात घेतलं. खोगिरं शिवणाऱ्याचा मुलगा, उसन्या पुस्तकांवर कायदा शिकला, घोड्यावरून गावोगावची कोर्टं केली, आधी राज्याच्या विधिमंडळात आणि मग थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत गेला, हे सगळं त्या अशा सांगायच्या की जणू धाकट्या दिरानेच नाव काढलंय. नात जेवेनाशी झाली की, "तो मक्याच्या भाकरीवर वकील झाला, आणि तुला वरणभात जात नाही?" नात कपाळाला हात लावून म्हणे, "आजी, नॉट हिम अगेन!" तो पहिली निवडणूक हरला ते प्रकरण वाचून झालं त्या दिवशी घरात कुकर लागला नाही. शेजारच्या गोऱ्या आजोबांना गवत कापायचं मशीन बंद करायला लावून काकूंनी आपल्या इंग्रजीत ती हार ऐकवली. आजोबांना वाटलं, यांचे यजमानच गेले. संध्याकाळी ते फुलं घेऊन आले. काकूंनी ती वकिलाच्या वतीने ठेवून घेतली.

अडचण एकच होती. वकीलसाहेब गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि तिथून पुढची पानं फाटलेली. काकूंचा जीव टांगणीला लागला. फोनवर शोधून देते म्हटलं तर म्हणाल्या, "फोनवरचं नको गं, छापील पाहिजे. तू युनिव्हर्सिटीत कामाला आहेस ना, तिथल्या लायब्ररीत बघ. निवडून आला का, एवढंच सांग."

"नो वरीज, काकू," मी म्हणाले. दर शनिवारी त्या विचारायच्या, दर शनिवारी मी तेच म्हणायचे. लायब्ररी माझ्या टेबलापासून दोन मजले खाली. पाच महिन्यांत मी ते जिने उतरले नाही. उलट त्या अंगणात दिसल्या की गाडी थेट गॅरेजमध्ये घालून शटर पाडायला लागले. लिहितानाही लाज वाटते. मग एका सकाळी मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत असताना काकू घाईघाईने रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी ठोकून दिलं, "आला ना निवडून! चांगल्या मताधिक्याने!"

काकू माझ्याकडे बघून हसल्या. संध्याकाळी त्यांनी गल्लीभर पुरणपोळ्या वाटल्या. मी चार खाल्ल्या.

व्हिसा संपून त्या परत निघाल्या तेव्हा बॅगा गाडीत चढल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "पडला गं तो. सपशेल पडला. पुढे गावाकडेच लहानसहान खटले चालवत राहिला. इथल्या लायब्ररीतल्या बाईंनी मला दुसरी प्रत मागवून दिली होती. तेच सांगायला मी आले होते त्या दिवशी."

"मग पुरणपोळ्या?"

"तुझ्यासाठी केल्या. तुला खरं माहीत होतं, पण माझं मन मोडवेना तुला. परक्या देशात इतकी माया कोण करतं?"

खरं सांगायला तेवढाच एक क्षण होता. मी मान खाली घातली. काकूंना तो माझा भिडस्तपणा वाटला असावा. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.