चीफसाहेबांचं दगडी गाव

चीफसाहेब प्रलयालाही तासभर आधी पोचले असते आणि वर मनूला घड्याळ दाखवून झापलं असतं. जन्मभर जहाजावर चीफ इंजिनियर. बंदरात उतरलं की जहाज सुटायच्या खूप आधी शिडीपाशी हजर, हा नियम. निवृत्त होऊन सिंगापुरात बुकित बातोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले, तरी तोच. पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला नेलं, तर संध्याकाळची बोट चुकेल म्हणून भर दुपारी जेटीवर रांग लावली. रांगेत आम्ही आणि एक रानडुक्कर. कंटाळून तेही निघून गेलं.

एका ग्रीक बेटावर डोंगरातलं जुनं दगडी गाव त्यांनी डेकवरून दुर्बिणीतून पाहिलं होतं, अगदी प्रत्येक फेरीत. जायला कधी वेळ मिळाला नाही. काकूंना मात्र लग्नापासून कबूल केलेलं, की तिथल्या चौकात तुला निवांत कॉफी पाजीन. मागच्या वर्षी दोघं निघाले. मीही गेलो, सुट्टी शिल्लक होती, अक्कल नव्हती.

बसने तासभर डोंगर चढलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की माझं पोट दोन हप्त्यांत न्यावं लागलं. चीफसाहेब एका भिंतीला तळहात टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "दुर्बिणीत गार लागत नव्हती."

चौकात कॉफी आली. काकूंनी कप उचलला आणि चीफसाहेब उठले.

"चला. बोट कोणासाठी थांबत नाही."

"अहो, बोट पाचला आहे. आत्ता साडेअकरा वाजतायत."

"आणि बस बंद पडली तर?"

कप भरलेलाच राहिला. बस अर्थातच बंद पडली नाही. आम्ही साडेचार तास धक्क्यावर उन्हात भाजत बसलो. चीफसाहेबांनी दुर्बीण लावली, "इथून छान दिसतं," म्हणाले. ती दुर्बीण समुद्रात फेकावी असं वाटलं. गळ्यातून न काढता.

यंदा दोघं कायमचे पुण्याला निघाले. मी थालीपिठांचा डबा आणि पाठ केलेलं भाषण घेऊन चार तास आधी विमानतळावर पोचलो. चीफसाहेब केव्हाच आत गेलेले. काचेबाहेरून फोन लावला आणि भाषणाऐवजी शिव्याच तोंडात आल्या. साधा निरोपही घेऊ देत नाही हा माणूस!

"अरे, मुद्दामच लवकर आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "तिची कॉफी राहिलीये ना."

मागून काकूंचा आवाज आला, "त्याला सांगा, दुसरा कप चाललाय."